मदत हवी आहे: लाइव्ह वाजवताना स्पीकरमधून सतत घूंऽऽ

बेसूर_नागपूर
अर्जंट. शनिवारी धरमपेठेत घरगुती बैठक आहे. मी व्हायोलिन वाजवतो, प्युअर डेटा या सॉफ्टवेअरमधला माझा पॅच (मी जोडलेला प्रोग्रॅम) ते तिथल्या तिथे मोडूनतोडून परत देतो, त्यावर सुचेल तसं पुढे वाजवतो. आता मधेच घूंऽऽ सुरू झालंय. पॅच तपासला. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावला तर विरत जाणारे सूर कापले जातात, आणि माझी निम्मी गंमत त्या विरण्यातच आहे. काय करू? 'यूट्यूबवर बघ' नको.

वायरमन_बर्डी
भाऊ, काय काय जोडून राहिला ते तं सांग! माइक कोणता? लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर पण येते का?

लयकारी
बफर (कंप्युटर एका वेळी साठवून हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने) ५१२ वरून १२८ वर आणा. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ म्हणजे जवळपास १२ मिलिसेकंद उशीर. जाणवतंच ते.

वायरमन_बर्डी
त्यानं उशीर होते म्हटलंच कुठं बाप्पा?

सफरचंदवाला
विंडोज असेल. मॅक घ्या, विषय संपला.

बेसूर_नागपूर
शनिवारच्या आत मॅक? बरं. बॅटरीवर घूं येत नाही, आत्ताच पाहिलं. चार्जर तीन पिनांचा. व्हायोलिनला पिएझो (कंपनं टिपणारा पिकअप), लॅपटॉपच्या ऑडिओ इंटरफेसमधून साध्या टीएस (दोन तारांच्या) केबलने मिक्सरला. मिक्सर समोरच्या भिंतीवरच्या बोर्डाला. ट्यूनर तो आवाज जी आणि जी शार्पच्या मधे दाखवतो.

वायरमन_बर्डी
हे आधी सांगायचं ना! घरच्या विजेचे ५० हर्ट्झ बरोब्बर तिथंच पडतात. ग्राउंड लूप आहे, म्हणजे लॅपटॉप अन् मिक्सरचं अर्थिंग दोन वाटांनी जुळून राहिलं.

रियाज_पहाटे
मग षड्जच तिथे लावा. फुकटचा तानपुरा!

जुगाडू_दादा
चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाका. मी कायम तसंच वाजवतो.

वायरमन_बर्डी
असं कोणी करू नका. चार्जर बिघडला तं लॅपटॉपच्या अंगात करंट उतरते. चार्जर आणि मिक्सर दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिलं तं इंटरफेस आणि मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (थेट तार न जोडता आवाज पुढे देणारी डबी) लावा, त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ग्राउंडचा जोड तोडणारं बटण दाबा. साउंडवाल्याकडे भाड्यानं मिळते.

जुगाडू_दादा
मला आजवर काही झालं नाही.

वायरमन_बर्डी
होईल तेव्हा धागा काढायला येशील का?

जुनी_टेप
विषय निघालाच आहे तर: १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला होता. गीता साराभाई, एस. सी. शर्मा वगैरेंनी त्यावर काम केलं. आपल्याकडे हे 'नवीन खूळ' म्हणणाऱ्यांना सांगा.

बेसूर_नागपूर
एकाच बोर्डावर घेतलं, घूं बरंच उतरलं. डीआय उद्या आणतो. जुनी_टेप, त्या स्टुडिओतलं काही ऐकायला मिळतं का?

जुनी_टेप
हो, २०२३ मध्ये त्या टेप्सचा अल्बम निघालाय.

रियाज_पहाटे
षड्जाचं कुणी मनावर घेतलंच नाही.

लयकारी
बफर कमी केला की नाही?