विंडोज १० सोडून लिनक्स मिंटवर जावं का? (डीटीपीचं काम)

पेठेतला_टंकक : सदाशिव पेठेत डीटीपीचं (संगणकावर छपाईची पानं लावण्याचं) काम आहे. विंडोज सोडून लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी का, असा विचार आहे. मशीन आय३ सहाव्या पिढीचं, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, प्रिंटर कॅनन एलबीपी २९००. विंडोज ११ बसत नाही. पत्रिका-स्मरणिका श्रीलिपी (मराठी फॉन्ट-टायपिंगचं सॉफ्टवेअर) आणि कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर), बाकी ईमेल आणि युनिकोडमधली पत्रं. मिंटवर काय काय अडेल? नवीन मशीन आत्ता घ्यायचं नाही.

मुठाकाठ : विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलची आठवी पिढी लागते. जुगाड करून बसवून देणारे भेटतील, पण पुढचं मोठं अपडेट अडलं की ऐन लग्नसराईत खोळंबा. त्या वाटेला जाऊ नका.

तुमचा खरा प्रश्न श्रीलिपीचा आहे. फॉन्टची फाइल मिंटवर टाकली की जुना मजकूर दिसतो, पण टायपिंगचा ड्रायव्हर आणि परवान्याचं लॉक विंडोजवरच चालतात. कोरलचंही तेच, मिंटवरचं इंकस्केप हे डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरलच्या सीडीआर फाइली उघडतं, पण मांडणी जशीच्या तशी येईल याचा भरवसा नाही. म्हणून विंडोज पुसू नका. तपकीर गल्लीतून २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी आणा आणि मिंट तिच्यावर टाका. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे बूटलोडर (मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम) चुकून तिच्यावर जाणार नाही. नंतर केबल लावून बूट मेनूतून हवी ती डिस्क निवडा.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) आधी बंद करा. नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि मिंटमधून ती डिस्क फक्त वाचता येते, फाइल सेव्ह होत नाही.

टंकक : मिंटवरून परत आलं की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं असं ऐकलं.

मुठाकाठ : पडतं. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटलं.

शनिवारवाडी : प्रिंटरकडे लक्ष द्या. २९०० ला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो, मिंट तो आपोआप उचलत नाही. पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालू करून वायफाय तपासा आणि ड्रायव्हर टाकून एक पान छापा, मगच इन्स्टॉल करा.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणार असाल तर कन्व्हर्टरवर विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो. ती उलथापालथ करताना 'विद्यार्थी', 'कार्तिक', 'मूर्ती' असे शब्द हमखास बिघडतात. आधी एकच पान बदलून असे शब्द शोधून पाहा. पत्रिकेत नावाचा रफार सरकला तर अख्खा गठ्ठा परत छापावा लागतो.

टंकक : मग श्रीलिपी-कोरल विंडोजवरच, इंटरनेट आणि पत्रं मिंटवर?

मुठाकाठ : हो. आणि अपडेट थांबलेत, म्हणून विंडोजचं इंटरनेट बंदच ठेवा.