जॉबवर्कची चलने, पॅटर्न रजिस्टर आणि हीट नंबर यांसाठी कोणता नो-कोड प्लॅटफॉर्म घ्यावा?

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)

नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची ग्रे आयर्न आणि एस. जी. आयर्न या ओतीव लोखंडाच्या प्रकारांची मध्यम आकाराची फाउंड्री आहे. कास्टिंग आमच्याकडे होते. मशीनिंग मात्र बाहेरच्या जॉबवर्करकडे (आमच्या मालावर मजुरीने काम करून देणाऱ्यांकडे) जाते आणि त्यांतले काही उद्यमनगरात, काही गोकुळ शिरगावला, तर काही कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आहेत. हिशेब टॅलीवर आहे आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. अडचण आहे ती टॅलीपर्यंत पोहोचण्याआधीच्या नोंदींची. कोणत्या चलनावर (मालासोबत जाणाऱ्या पावतीवर) किती नग गेले, किती परत आले, त्यांतले किती ब्लो होलमुळे (कास्टिंगमधील हवेच्या पोकळ्यांमुळे) रिजेक्ट झाले, ग्राहकाच्या मालकीचा पॅटर्न (साचा बनवण्याचा नमुना) सध्या कोणाकडे आहे आणि डिस्पॅच झालेल्या नगाचा हीट नंबर (धातू वितळवण्याच्या खेपेचा क्रमांक) कोणता, हे सारे एका एक्सेल फाइलमध्ये आहे. त्या फाइलच्या प्रती ऑफिसातल्या निरनिराळ्या संगणकांवर फिरत असतात आणि त्यांतली खरी कोणती, यावरून महिनाअखेरीस वाद होतो.

आमच्याकडे प्रोग्रॅमर नाही. ऑफिसात एक वाणिज्य पदवीधर तरुण आहे, ज्याला पिव्होट टेबल आणि व्ही-लुकअप उत्तम येतात आणि शिकण्याची तयारीही आहे. नोंदी करणारे साधारण दहा जण असतील: ऑफिस, दोन्ही गेट, फेटलिंग (कास्टिंगची सफाई) आणि डिस्पॅच. जॉबवर्करला स्वतःकडची बाकी फोनवर पाहता आली तर उत्तमच. नो-कोड, म्हणजे प्रोग्रॅम न लिहिता ॲप बनवता येणाऱ्या प्लॅटफॉर्मपैकी एअरटेबल, झोहो क्रिएटर, ॲपशीट, पॉवर ॲप्स आणि बेसरो ही नावे मी काढली आहेत. इंटरनेटवर यांच्या तुलना भरपूर मिळतात, परंतु त्या बहुतेक परदेशी मार्केटिंग विभागांच्या गरजा धरून लिहिलेल्या असतात आणि चलन, जॉबवर्क, जीएसटी यांचा त्यांत उल्लेखही नसतो. शेडमध्ये आणि मागच्या गेटवर मोबाइलची रेंज भरवशाची नाही, हेही लक्षात घ्यावे. यांपैकी काय घ्यावे, आणि पुढे बाहेर पडायची वेळ आली तर आमचा डेटा आमच्या हाती कितपत राहील, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (गोकुळ शिरगाव, मशीन शॉप)

आपण पाच नावे दिली आहेत, पण निर्णय मुख्यतः दोन गोष्टींवर ठरेल: नोंदी करणारे हात किती, आणि त्यांतले किती जण रेंजबाहेर काम करतात. त्याआधी रचनेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण रचना चुकली तर कोणताही प्लॅटफॉर्म एक्सेलइतकाच त्रास देतो.

आपल्या फाइलमध्ये बहुधा एका चलनाची एक ओळ असेल आणि त्या ओळीत ‘परत आले’ व ‘बाकी’ असे रकाने असतील. समजा २०० हाउसिंग मशीनिंगला गेली. पहिल्या खेपेला १२० आली, म्हणून कोणीतरी रकान्यात १२० लिहिले. पुढच्या खेपेला ६५ आली, तेव्हा ते पुसून १८५ केले. मग ९ नग ब्लो होल म्हणून रिजेक्ट होऊन आले. ते एकाने बेरजेत धरले, दुसऱ्याने धरले नाहीत. उरलेल्या ६ नगांवरून फोनाफोनी सुरू होते तेव्हा कोणती खेप कोणत्या तारखेला आली याचा पुरावा फाइलमध्ये शिल्लकच नसतो. डेटाबेसमध्ये चलन, चलनातील ओळी आणि परतीच्या खेपा अशी तीन वेगळी टेबले करावीत. खेप आली की नवी ओळ पडते आणि जुन्या ओळीला कोणी हात लावत नाही. बाकीचा आकडा कोणी टाइप करायचाच नाही. तो वजाबाकीतून आपोआप निघतो. पॅटर्नचेही तसेच: ‘सध्या कोणाकडे’ हा रकाना भरण्याऐवजी प्रत्येक ने-आण नोंदवावी, म्हणजे शेवटची नोंद हीच सध्याची जागा ठरते. एअरटेबलमध्ये हे काम लिंक्ड रेकॉर्ड आणि रोलअपने होते, झोहो क्रिएटरमध्ये लुकअप आणि सबफॉर्मने, तर ॲपशीटमध्ये रेफ प्रकारच्या कॉलमने. व्ही-लुकअप येणाऱ्या माणसाला हे समजायला फार वेळ लागत नाही.

आता प्लॅटफॉर्मविषयी. ऑफिसात बसून काम करायचे असेल तर एअरटेबलइतके सुबक आणि चटकन अंगवळणी पडणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. परंतु ते इंटरनेटशिवाय चालत नाही, म्हणजे आपल्या मागच्या गेटवर ते निरुपयोगी आहे. शिवाय संपादनाचा अधिकार असलेल्या प्रत्येक माणसाचे पैसे पडतात. वार्षिक भरणा केला तरी टीम प्लॅनचा दर माणशी महिना २० डॉलर आहे, म्हणजे आपल्या दहा जणांचे महिन्याला २०० डॉलर झाले. मोफत प्लॅनमध्ये एका बेसला (म्हणजे एका डेटाबेसला) १,००० रेकॉर्डची मर्यादा आहे. परतीच्या खेपा आणि हीटच्या नोंदी धरल्या तर फाउंड्रीत ती पाहता पाहता संपते. टीम प्लॅनची मर्यादा ५०,००० आहे.

आम्ही ॲपशीट वापरतो. जानेवारी २०२० मध्ये ही कंपनी गूगलने विकत घेतली. गूगल शीट हाच तिचा डेटाबेस होऊ शकतो, रेंज नसताना केलेली नोंद फोनमध्ये थांबते आणि रेंज आली की वर जाते, फोनच्या कॅमेऱ्याने बारकोडही वाचता येतो. स्टार्टरचा दर माणशी महिना ५ डॉलर आणि कोअरचा १० डॉलर आहे. गूगल वर्कस्पेसच्या बहुतेक सशुल्क योजनांत कोअर अंतर्भूत असते, त्यामुळे आपली कंपनीची ईमेल तिथे असेल तर आधी तेच तपासावे. दिसायला हे ॲप काही देखणे नाही, पण आमच्या वॉचमनला मोजकी बटणे पुरतात. उणीव अशी की शीटमधील ओळी वाढत गेल्या की सिंक (फोन आणि शीट यांतील नोंदींची जुळवणी) मंदावते. म्हणून बंद झालेली चलने दर आर्थिक वर्षाअखेर दुसऱ्या शीटमध्ये हलवावी लागतात, आणि हे काम कोणाच्या तरी नावावर नेमून दिलेले असावे.

मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्सबद्दल एकच इशारा देतो, कारण तो विक्रेते सहसा देत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच असेल तर त्यातील शेअरपॉइंट लिस्टवर (ऑनलाइन तक्त्यावर) ॲप करणे स्वस्त वाटते. परंतु ज्या सूत्राचे काम शेअरपॉइंट स्वतः करू शकत नाही, त्यासाठी ॲप पहिल्या ५०० ओळीच पाहते. ही संख्या वाढवून फार तर २,००० करता येते. बेरीज हे अशाच सूत्रांपैकी एक आहे. ॲप बनवणाऱ्याला पिवळा त्रिकोण दिसतो, पण वापरणाऱ्याला काहीच कळत नाही आणि बाकी निमूटपणे चुकीची दिसते. जॉबवर्कच्या बाकीसाठी हे मला धोक्याचे वाटते. डेटाव्हर्स हा मायक्रोसॉफ्टचाच डेटाबेस घेतला तर ही अडचण बरीच कमी होते, पण मग परवान्याचा खर्च वेगळा.

उत्तर २ (लेखा आणि करसल्ला, राजारामपुरी)

वरील उत्तरातील तीन टेबलांची रचना जीएसटीच्या दृष्टीनेही योग्य आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत आल्या पाहिजेत, किंवा जॉबवर्करकडूनच पुढे विकल्या गेल्या पाहिजेत. तसे न झाल्यास माल पाठवल्याच्या दिवशीच तो पुरवठा झाला असे धरले जाते आणि कर व्याजासह भरावा लागतो. मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना ही तीन वर्षांची मुदत लागू नाही. म्हणून माल आणि टूलिंग यांच्या नोंदी एकाच टेबलात असतील तर प्रकाराचा रकाना सक्तीचा करावा. नाहीतर मुदतीची यादी काढताना फिक्स्चरसुद्धा थकीत दिसतील. जॉबवर्कच्या मालाचे आयटीसी-०४ हे विवरणपत्र वार्षिक उलाढाल ५ कोटींहून अधिक असणाऱ्यांनी सहामाही आणि इतरांनी वार्षिक भरायचे असते. प्रत्येक परतीची ओळ मूळ चलनाशी जोडलेली असेल तर त्यातील तक्ता जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो.

खर्चाच्या बाजूने पाहता, परदेशी कंपनीचे डॉलरमधील बिल आले की रिव्हर्स चार्जने १८ टक्के जीएसटी आपल्याला स्वतः भरावा लागतो. त्याचे क्रेडिट मिळते, परंतु ही नोंद लहान कारखान्यांत हमखास राहून जाते आणि ऑडिटच्या वेळी बाहेर येते. झोहो ही मूळची चेन्नईची कंपनी असून तिचे बिल रुपयांत आणि जीएसटीसह येते, तसेच तिची डेटा सेंटर भारतातही आहेत. झोहो क्रिएटर २००६ पासून बाजारात आहे. जॉबवर्करला बाकी दाखवायची असेल तर त्यातील पोर्टलची सोय मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण बाहेरच्या माणसांना पूर्ण वापरकर्ता म्हणून घ्यावे लागत नाही. अडचण अशी की थोडी वेगळी गरज निघाली की डिल्यूज नावाच्या त्यांच्या स्क्रिप्टमध्ये लिहावे लागते. ती अवघड नाही. पण आपल्या तरुणाने नोकरी सोडली तर ते लिखाण वाचणारा दुसरा माणूस असला पाहिजे.

टॅलीशी थेट जोडणीचा आग्रह सुरुवातीला धरू नये. टॅली ऑफिसच्या संगणकावर एक्सएमएलद्वारे संवाद करते आणि क्लाउडमधील ॲपला तिथपर्यंत पोहोचण्यासाठी मध्ये वेगळा कनेक्टर लागतो. टॅलीप्राइम ४.० पासून एक्सेलमधून व्हाउचर आयात करण्याची सोय आहे. आपल्या कामाला ती पुरेल.

उत्तर ३ (उद्यमनगर)

बेसरो हे नेदरलँड्समध्ये तयार झालेले असून त्याचा गाभा एमआयटी परवान्याखाली खुला आहे, आणि खाली पोस्टग्रेस डेटाबेस असतो. माणशी शुल्क नको असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्याचा हा चांगला मार्ग आहे. मात्र तो सर्व्हर ऑफिसात ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, आणि अशा वेळी बंद ऑफिसातल्या संगणकावरील डेटा असून नसल्यासारखा असतो. भाड्याचा क्लाउड सर्व्हर घेतला तरी अपडेट आणि बॅकअप कोण पाहणार, याचे उत्तर तयार ठेवावे लागते. ते उत्तर नसेल तर हा पर्याय सोडून द्यावा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारी खुली प्रणाली कोणीतरी सुचवेलच. तिच्यात सबकॉन्ट्रॅक्टिंग (म्हणजे जॉबवर्क) आणि बॅच या गोष्टी तयार आहेत आणि हीट नंबर बॅच म्हणून ठेवता येतो. परंतु तिचा खरा लाभ हिशेबही तिच्यातच ठेवला तर मिळतो, आणि आपण टॅलीवर समाधानी आहात.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या कंपनीची ईमेल गूगल वर्कस्पेसवरच आहे, त्यामुळे ॲपशीटकडे कल झाला आहे. एक शंका मात्र उरते. दोन्ही गेटवरचे फोन रेंजबाहेर असताना दोघांनीही चलन केले तर दोघांनाही ०४५१ हाच पुढचा क्रमांक मिळेल. चलनाचे क्रमांक सलग असणे तर आवश्यक आहे. यावर उपाय काय? आणि ॲपशीट किंवा एअरटेबल सोडायचे झाले तर नेमके काय हाती लागते?

उत्तर १ (गोकुळ शिरगाव)

शंका अगदी रास्त आहे. ॲपशीटमध्ये टेबलाची किल्ली (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) आणि चलनाचा क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी ठेवाव्यात. किल्ली म्हणून युनिक-आयडीने तयार होणारी यादृच्छिक अक्षरे घ्यावीत. ती छापायची नसतात, फक्त ओळी जोडण्यासाठी असतात, आणि रेंज नसली तरी दोन फोनवर सारखी येण्याची भीती व्यवहारात राहत नाही. छापील क्रमांकासाठी जीएसटीच्या नियम ५५ मध्येच मार्ग आहे: डिलिव्हरी चलनाचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि तो एक किंवा अनेक मालिकांत असू शकतो. तेव्हा पुढच्या गेटची मालिका वेगळी, मागच्या गेटची वेगळी, आणि एका मालिकेत फक्त एकाच फोनवरून चलन निघेल असा नियम करावा. फोन बदलताना जुन्याची सिंक पूर्ण झाल्याशिवाय नवा हाती देऊ नये. नियमाप्रमाणे चलनाच्या तीन प्रती लागतात, म्हणून गेटवर छोटा प्रिंटर लागेलच.

बाहेर पडण्याबद्दल सांगायचे तर, ॲपशीटमधील पडदे (स्क्रीन) आणि नियम बाहेर नेता येत नाहीत, पण ओळी आपल्याच गूगल शीटमध्ये असतात आणि फोटो आपल्याच ड्राइव्हमध्ये. एअरटेबलमधून प्रत्येक टेबलाची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) मिळते, परंतु तिच्यात जोडलेल्या नोंदीच्या जागी फक्त नाव उतरते. ‘हाउसिंग’ नावाचे दोन पॅटर्न असतील तर कोणता कोणाशी जोडला होता हे फाइलवरून कळत नाही, म्हणून पहिल्या कॉलमात नेहमी एकमेव असा कोड ठेवावा. जोडलेल्या फोटोंच्या लिंकही काही तासांत निकामी होतात, त्यामुळे फोटो वेगळे उतरवून घ्यावे लागतात. झोहो क्रिएटरमधूनही डेटा बाहेर काढता येतो, डिल्यूजमधील लिखाण मात्र इतरत्र चालत नाही. कोणताही पर्याय घेतला तरी सुरुवात फक्त जॉबवर्कच्या चलनांपासून करावी आणि एका आयटीसी-०४ ची आकडेवारी जुन्या एक्सेलशी जुळेपर्यंत पॅटर्न आणि हीट नंबर त्यात आणू नयेत.