गायीसाठी आणलेले उरलेले प्रतिजैविक शेळ्यांना टोचावे का?

शेळीपालक, परंडा

नमस्कार. पाऊस सुरू झाल्यापासून माझ्या काही उस्मानाबादी शेळ्यांना खोकला, ताप आणि नाकातून घट्ट शेंबूड असा त्रास होत असून दोन करडांना हगवण लागली आहे. गायीसाठी आणलेल्या, दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची अर्धी बाटली घरात शिल्लक आहे. ती सर्वांना टोचली तर चालेल का? आजारी शेळ्यांपैकी एक गाभण आहे, आणि एक बोकड लवकरच बाजारात न्यायचा आहे.

पशुवैद्यक, लातूर

हे औषध शेळ्यांना दिले जाते, त्यामुळे ते मुळातच घातक आहे असे नाही. मात्र कळपातील सर्वांना एकच औषध टोचण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. खोकला आणि शेंबूड जिवाणूंमुळे असेल तर या औषधाचा उपयोग होईल, परंतु हीच लक्षणे पीपीआर या विषाणूजन्य रोगातही दिसतात. त्या रोगात प्रतिजैविक केवळ मागाहून होणारा जिवाणूसंसर्ग रोखते, मूळ विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. तोंडात व्रण किंवा डोळ्यांत चिपडे दिसत असल्यास त्या शेळ्या आजच वेगळ्या बांधाव्यात. करडांची हगवण या दिवसांत बहुधा कॉक्सिडिया (आतड्यातील सूक्ष्म परजीवी) किंवा जंतांमुळे असते आणि त्यावर ऑक्सिटेट्रासायक्लिन निरुपयोगी आहे. लेंड्यांची तपासणी करून घेतल्यास नेमके कारण कळेल.

गाभण शेळीच्या बाबतीत अधिक जपावे लागते, कारण हे औषध गर्भाच्या वाढत्या हाडांत आणि दातांत साठते. गाभ टाकण्याची विशिष्ट साथ आल्यास पशुवैद्यक तेच औषध गाभण शेळ्यांना जाणीवपूर्वक देतात, पण तो निर्णय निदानानंतरचा असतो. बाटली जुनी असेल, तिची मुदत संपली असेल किंवा द्रावण काळवंडले असेल, तर ती वापरूच नये.

गायीचे प्रत्येक औषध शेळीला चालते हा समज तर फारच धोक्याचा आहे. टिल्मिकोसिनचे इंजेक्शन गुरांना दिले जाते, परंतु शेळीच्या हृदयावर त्याचा परिणाम होऊन ती दगावू शकते; टोचताना सुई माणसाला लागली तर त्याच्याही जिवावर बेतू शकते. जेंटामायसिन मूत्रपिंडाला अपाय करते, म्हणून हगवणीने शरीरातील पाणी कमी झालेल्या करडाला ते देणे विशेष घातक ठरते.

शेळीपालक, संगमनेर

डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याला एवढीच जोड देतो की मात्रा अंदाजाने ठरवू नये. आमच्याकडे वीस किलोची शेळी आणि चाळीस किलोचा बोकड यांना सर्रास सारखेच औषध टोचले जाते. त्यात एकाला कमी पडते, तर दुसरीला जास्त होते. साधा झुलता वजनकाटा पुरेसा आहे. तसेच मोठ्या शेळीला प्रतिजैविकाची गोळी किंवा पातळ औषध सल्ल्याशिवाय पाजू नये, कारण कोठीपोटातील उपयुक्त जिवाणू त्याने मरतात आणि शेळीचे रवंथ बंद पडते.

शेळीपालक, परंडा

आपले आभार. करडांच्या लेंड्या तपासायला देतो आणि गाभण शेळीला दाखवून घेतो. बोकडाला डॉक्टरांनी औषध दिले, तर विक्री किती दिवस थांबवावी लागेल?

पशुवैद्यक, लातूर

बाटलीवर छापलेला प्रतीक्षा काळ पाळावा. लेबलवर तो दिलेला नसेल, तर 2012 साली औषध नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार दुधासाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी किमान 28 दिवस धरले जातात. प्रमाणापेक्षा जास्त मात्रा दिली गेल्यास हा काळही वाढतो. दूध उकळल्याने औषधाचा अंश नाहीसा होईल याची खात्री नसते. अशा दुधाला विरजणही नीट लागत नाही, कारण दह्याचे जिवाणू त्यात वाढू शकत नाहीत. ते दूध करडांनाही पाजू नये.

दवाखाना दूर असल्यास 1962 या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मागणी करता येते. पथक येईपर्यंत करडांना कोमट पाण्यातून मीठसाखरेचे द्रावण थोडे थोडे पाजत राहावे, आणि बाजारात न्यायच्या बोकडाला औषध टोचल्यास तारीख, औषधाचे नाव व मात्रा लगेच वहीत नोंदवावी.