उपशाच्या पाण्यातला कार्बन कुणाच्या खात्यावर मांडायचा?

झिरपा (धागाकर्ती)

मी पर्यावरण अभियांत्रिकी शिकवते. माझं संशोधन भूजलात विरघळलेल्या वायूंवर आहे. हरितगृह वायूंचा विषय निघाला की गाड्या आणि कारखान्यांकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो, बोअरच्या पाण्याचं नाव कुणी काढत नाही.

मुळं आणि जिवाणू श्वसन करतात, म्हणून मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दहापट, कधी शंभरपट असतो. मुरणारं पाणी तो घेऊनच खाली उतरतं, वाटेत चुनखडी विरघळवतं आणि बायकार्बोनेटच्या रूपात तो कार्बन धरून ठेवतं. पंपाने वर आलं की वायू निसटतो आणि पाईपच्या आत पांढरा थर बसू लागतो. तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याचा एक रेणू बसतो तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो.

वॉरन वुड आणि डेव्हिड हिंडमन यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या भूजल घटीचा हिशोब मांडला. त्यांचा अंदाज वर्षाला सुमारे १७ लाख टन कार्बन डायऑक्साइड. माझं म्हणणं एवढंच की जिथे उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे, तिथे हे उत्सर्जन देशाच्या अधिकृत हिशोबात धरलं पाहिजे.

ताळेबंद

असहमत. अमेरिकेचं वार्षिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन ५०० कोटी टनांच्या आसपास आहे. त्यात १७ लाख म्हणजे दहा हजारांत तीन-साडेतीन. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी!

शिवाय रसायनशास्त्रही तुमच्या बाजूने नाही. बायकार्बोनेटमधला अर्धा कार्बन मातीतल्या हवेतून आलेला, अर्धा खडकातला. चुना परत बसतो तेव्हा तेवढाच अर्धा वायू बाहेर पडतो. म्हणजे हवेतून झाडात, झाडातून मातीत, मातीतून पाण्यात आणि परत हवेत. घेतलेलं परत केलं, यात नवीन उत्सर्जन कुठे आलं?

झिरपा

@ताळेबंद, मातीतून आला म्हणून तो निर्दोष ठरवायचा, तर कोळसाही एके काळी झाडंच होता.

प्रश्न काळाचा आहे. खोल जलधरातलं (पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरातलं) पाणी कित्येकदा हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं असतं. हात लावला नसता तर त्यातला कार्बन तिथेच राहिला असता. दर वर्षी जेवढं मुरतं तेवढंच उपसलं, तर आत जाणारा आणि बाहेर येणारा कार्बन ढोबळमानाने सारखा. ते मी मोजायला सांगतच नाही. मी बोलतेय ते फक्त घटीबद्दल.

दाबमापक

पंपांच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं गणित.

एक घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला किमान ०.२७ युनिट वीज लागते. पंप-मोटर मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरा (कागदावर जास्त असते, सोडा), म्हणजे ०.५४ युनिट. कोळशाच्या विजेला युनिटमागे ढोबळ एक किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ५४० ग्रॅम. त्याच पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असेल आणि सगळा चुना बसला असं मानलं, तर निसटणारा वायू १०८ ग्रॅम. विजेचा भार पाचपट. आता उचल २० मीटरवर आणा. विजेचे १०९ ग्रॅम होतात आणि दोन्ही बाजू बरोबरीत येतात.

म्हणून ताळेबंद यांचं "नगण्य" सरसकट पटत नाही. आणि सौर पंप बसवला की विजेची बाजू जवळपास शून्य, उरतो तो पाण्यातलाच वायू. वर पाणी फुकट उपसता येतं म्हटल्यावर उपसा किती वाढतो ते मी पाहिलंय. पंप "हरित" म्हणून विकला जातो, पाण्याची पातळी मात्र खालीच जाते.

ताळेबंद

@दाबमापक, गणित मान्य. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. उपसा कमी केला तर दोन्ही बाजू कमी होतात, त्यासाठी वेगळ्या रकान्याची गरज काय?

युरियाचा हिशोब

तुम्ही दोघं कार्बन डायऑक्साइडवर भांडताय आणि खरा चोर बाजूला उभा आहे. नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशोबात किलोमागे २७३ पट तापवणारा.

शेतात टाकलेल्या नत्राचा काही भाग नायट्रेट होऊन खाली जातो. तिथे प्राणवायू नसेल आणि जिवाणूंना खायला सेंद्रिय कार्बन असेल, तर त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू होतो. साखळी मध्येच अडली की नायट्रस ऑक्साइडवर थांबते. गंमत म्हणजे पाणी शुद्ध करायला आपण हीच प्रक्रिया मुद्दाम घडवतो. नायट्रेटसाठी लाकडाच्या चिप्सचे चर घालतात, त्यांतूनही हा वायू निसटू शकतो.

आणि हा वायू अधिकृत हिशोबात आधीपासून आहे, हे इथे कुणी बोललं नाही! म्हणजे "भूजलाला वेगळा रकाना कशाला" हा वाद तिथे कधीच संपलाय.

ताळेबंद

बरं झालं विषय काढलात. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या) १९९६ च्या मार्गदर्शिकेत भूजलासाठीचा गुणक, म्हणजे झिरपलेल्या नत्राचा किती हिस्सा नायट्रस ऑक्साइड होतो ते, ०.०१५ होता. २००६ मध्ये तो ०.००२५ झाला. एका फटक्यात सहावा हिस्सा! मग २०१९ च्या सुधारणेत निचऱ्यातल्या नत्राचा एकूण गुणक ०.००७५ वरून परत ०.०११ वर. पाणी तेच, जिवाणू तेच. असल्या आकड्यांवर उद्या कुणी कर बसवला तर भरणाऱ्याने काय करायचं? नाकापेक्षा मोती जड.

झिरपा

गुणक बदलले कारण मोजमापं वाढली. न मोजता जुनाच आकडा चालवला असता तर बरं झालं असतं का?

मोजणं किती नाजूक असतं ते सांगते. नमुन्याची कुपी बादलीतल्या पाण्याखाली बुडवून भरायची, नळी तळाशी ठेवून कुपीच्या काही पट पाणी वाहू द्यायचं आणि झाकणही पाण्याखालीच लावायचं. मग कुपी उलटी करून उजेडात धरायची. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ओतून द्यायची, कारण नायट्रस ऑक्साइड नि मिथेन त्या बुडबुड्यात पळतात. विद्यार्थी वैतागतात. वैतागू देत.

पण माझ्या मूळ मागणीला एवढं सगळं लागतच नाही. पाणीपातळीची नोंद आणि पाण्याची अल्कलिनिटी (मुख्यतः त्यातल्या बायकार्बोनेटचं माप), या दोन गोष्टी पुरतात. दोन्ही वर्षानुवर्षं नोंदल्या जातायत. मोती इतका जड नाही.

ताळेबंद

त्या जुन्या नोंदी प्रयोगशाळेतल्या. बाटली तिथे पोचेपर्यंत वायू निघून गेलेला असतो, पीएच चढलेला असतो.

झिरपा

पीएच चढतो, बरोबर. अल्कलिनिटी नुसता वायू गेल्याने बदलत नाही. बाटलीत चुना बसला तरच बदलते.

दाबमापक

मॅडम, कडक पाण्याच्या बाटलीत तो बसतोच की. आणि तुमचा सगळा कार्बन त्याच कडक पाण्यात आहे. जुन्या नोंदींवरून काढलेला आकडा कमीच भरणार.

ताळेबंद

@दाबमापक, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?