घरून काम सोडायचं नाही, पण कामात समाधान उरलं नाही

कृष्णाकाठ:
मी ऑटोमेशन टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे प्रोग्राम लिहून सॉफ्टवेअरमधल्या चुका (बग) शोधते. कोविडमध्ये पुण्यातली खोली सोडून कराडला आले ती इथेच राहिले. टीम हिंजवडीत बसते. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी घरात होते, मुलगी शाळेतून आली की आम्ही एकत्र जेवतो. हे मला सोडायचं नाही. पण कामात मन लागेनासं झालंय. रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर पडण्याच्या, आदल्या रात्री मोठा बग पकडला तरी चॅटवर एक अंगठा येतो, बस. यंदाही रेटिंग चांगलं मिळालं आणि बढती ऑफिसात बसणाऱ्याला. मॅनेजर म्हणाले, "व्हिजिबिलिटी कमी पडते." सगळीकडे असंच आहे का?

फेज_थ्री:
ताई, हे फक्त तुमच्याच टीममध्ये नाही. शांघायच्या सीट्रिप कंपनीत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी कॉल सेंटरच्या लोकांवर नऊ महिने प्रयोग केला होता, निष्कर्ष २०१५ साली छापून आले. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण तेवढंच काम करूनही बढतीची शक्यता घटली. शिवाय एकटेपणाला कंटाळून बरेच जण आपणहून ऑफिसात परतले. तुम्हाला जे जाणवतंय ते मनाचे खेळ नाहीत.

कृष्णाकाठ:
वाचून धीर आला. मग पुण्याला परत जाणं एवढाच मार्ग?

फेज_थ्री:
नाही. त्याच कंपनीत, आताची ट्रिप डॉट कॉम, ब्लूम यांनी १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग केला. त्यात सॉफ्टवेअर इंजिनिअरही होते. दोन दिवस घरून, तीन दिवस ऑफिसात. २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलंय: समाधान वाढलं, राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि बढतीत फरक पडला नाही. कराडहून आठवड्याला तीन दिवस येणं अवघड, मान्य. पण रिलीज प्लॅनिंगला तरी येऊन बसता येईल का, ते विचारा.

जुना_टेस्टर:
येण्याजाण्याचा भार एकट्या ताईंवर का? बढतीचे निकष मॅनेजरकडून मेलवर लेखी मागा. पकडलेल्या प्रत्येक गंभीर बगचा तिकीट नंबर (नोंदीचा क्रमांक) आणि त्यामुळे काय टळलं ते महिन्याच्या महिन्याला त्यांना पाठवत जा. टेस्टरचं काम नीट झालं की काहीच घडत नाही, म्हणून ते ऑफिसात बसूनही दिसत नाही. ते लिहूनच दाखवावं लागतं.

कृष्णाकाठ:
निकषांचा मेल आजच टाकते. रिलीज प्लॅनिंगचंही त्यातच विचारते. उत्तर आलं की इथे कळवेन.