२००९ ची ऑटोमॅटिक, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना धक्का: गिअरबॉक्स उतरवायलाच हवा का?

वाईची_लेक

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची. २००९ ची पेट्रोल सेडान, चार गिअरची जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारा कन्व्हर्टर असतो ती), लिव्हरवर ओ/डी चं, म्हणजे ओव्हरड्राइव्हचं (सगळ्यात वरच्या गिअरचं) बटण आहे ती. ९४ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापर्यंत ब्रँडवरून जुंपेल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

सकाळी पहिल्यांदा पी (पार्क) मधून आर (रिव्हर्स) मध्ये टाकली की एक-दोन सेकंद काहीच होत नाही, मग धप्प. निघाल्यावर चाळिसच्या आसपास दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन उगाच ओरडतं, काटा वर चढतो आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का बसतो. दहा-बारा किमी झाले की पुष्कळ कमी होतं. हायवेला साठ-पासष्टवर हलका पाय असेल तर कधीकधी रंबलरवरून गेल्यासारखी थरथर येते. सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून उभी असताना स्टिअरिंग थरथरतं ते वेगळंच.

पुण्यातल्या एका वर्कशॉपने पाच मिनिटं चालवून सांगितलं, गिअरबॉक्स उतरवायचा, ८५ हजार ते सव्वा लाख. गाडीचीच किंमत दीड लाख येईल की नाही शंका. पण बाबांचा डावा गुडघा बदललाय, क्लच दाबणं बंद, आणि दुसरी गाडी नको म्हणतात. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं विचारलं तर म्हणाले, "त्याला ऑइल असतं?"

सिंहगडरोडकर

ताई, विकून मोकळ्या व्हा. नाहीतर क्लच अ‍ॅक्च्युएटरचं लर्निंग करून घ्या, माझ्या गाडीचे धक्के त्याने गेले. हजारभर रुपये लागले.

लिव्हरवाले_काका, कराड

वरच्या मित्राची गाडी एएमटी असणार. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. या गाडीत तो अ‍ॅक्च्युएटर नाहीच, त्यामुळे तो उपाय इथे लागू नाही.

आता पोरी (वय माहीत नाही, पण वडील माझ्या बरोबरीचे असतील म्हणून पोरीच म्हणतो), मी सत्तावीस वर्षं मुंबईत गॅरेजला होतो, त्यातली निम्मी ऑटोमॅटिकवर. तुझ्या तक्रारी तू एका दमात सांगितल्यास, पण त्या एकाच दुखण्याच्या असतील असं नाही.

आधी ऑइल. या गिअरबॉक्सात ऑइल नुसतं वंगण नसतं. पंप त्याला दाब देतो, त्या दाबाने पिस्टन सरकतो आणि क्लचच्या चकत्या आवळल्या जातात. कुठल्या चकत्या कधी आवळायच्या ते सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, ठरवतात. सोळा वर्षांचं ऑइल, त्यात पातळी खाली, त्यात थंडी आणि कडक झालेली रबरी सीलं. सकाळी दाब तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून आर ला उशीर. तिसऱ्याच्या चकत्या आवळायला वेळ लागतो, तेवढ्यात इंजिन मोकळं ओरडतं. गरम झाल्यावर सीलं जरा मऊ पडतात, ऑइल पातळ होतं, म्हणून दहा किमीनंतर बरं वाटतं.

डिपस्टिक बघायची ती गाडी वीस मिनिटं चालवून, सपाट जागी. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या खाचांतून एकदा फिरवायचा, पी मध्ये आणायचा आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच मोजायचं. होंडासारख्या काहींत इंजिन बंद करून लगेच मोजतात, म्हणून आधी मॅन्युअल बघ. काडी पुसायला धागे न सुटणारं फडकं घे. मग एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाक. लालसर तपकिरी पसरलं तर नुसतं म्हातारं झालंय. मधोमध काळा ठिपका राहिला आणि करपलेल्या फोडणीसारखा वास आला तर चकत्या जळल्यात, मग वर्कशॉपवाला खरं बोलतोय. आणि रंग स्ट्रॉबेरी मस्तानीसारखा गुलाबी-दुधट दिसला तर गाडी जागची हलवू नकोस. रेडिएटरमधल्या ऑइल कूलरला भोक पडून कूलंट आत शिरलेलं असतं.

साठ-पासष्टची थरथर कन्व्हर्टरच्या लॉकअपची (वेग आला की कन्व्हर्टरला इंजिनशी थेट जोडणाऱ्या आतल्या क्लचची) वाटते. मोकळ्या रस्त्यावर थरथर चालू असताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श कर, मागचा लाइट लागेल इतकाच. ब्रेकचा स्विच लागला की लॉकअप सुटतं. थरथर त्याच क्षणी गेली तर चोर सापडला. बाबांना सांगू नकोस, तू कर. आणि मागे कुणी नसताना.

सिग्नलला थरथरणं आणि आर चा धप्प यासाठी इंजिनचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार, बघ. बॉनेट उघड, हँडब्रेक ओढ, पायाचा ब्रेक पक्का दाबून डी-आर-डी कर. बघणारा बाजूला उभा राहील, गाडीच्या पुढे नाही, हे फार महत्त्वाचं. इंजिन बोटभर हललं तर ठीक, पालथं पडेल की काय असं वाटलं तर माउंट फाटलाय. फाटक्या माउंटमुळे उतरवलेले चांगले गिअरबॉक्स मी स्वतः पाहिलेत. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, तीही साफ करून घे. उभ्या गाडीत इंजिनचे फेरे (आयडलिंग) मिनिटाला हजाराच्या वर राहत असतील तर प्रत्येक वेळी आर टाकताना दणका बसणारच.

वाईची_लेक

काका, खूप आभार. पुण्यात एकाने मशीन लावून फ्लश, म्हणजे सगळं जुनं ऑइल एकदम ढकलून काढणं, सुचवलाय. दुसरा म्हणतो जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतोच. कुणाचं ऐकू?

लिव्हरवाले_काका, कराड

दुसऱ्याचं अर्धं खरं आहे. आधीच स्लिप होणारा गिअरबॉक्स घेऊन लोक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात, तो महिन्याभरात बसतो आणि नाव ऑइलचं होतं. औषध द्यायला उशीर झाला तर डॉक्टर काय करणार.

मशीन वाईट नाही, पण पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं पत्र्याचं भांडं) न उघडता नुसतं मशीन लावलं तर तळातलं मॅग्नेट आणि जाळी बघायची राहून जाते, आणि सगळी खबर तिथेच असते. मॅग्नेटवर काजळासारखा मऊ करडा लेप म्हणजे वयाची झीज. बोटाला टोचणारे कण म्हणजे आतलं काही तुटलंय.

मी ड्रेन करून भरायला सांगेन, तीनदा, मध्ये दोनतीनशे किमी चालवून. खालचा बोल्ट उघडला तरी कन्व्हर्टरमधलं ऑइल बाहेर येत नाही. समज एकूण साडेसहा लिटर आहे आणि तीन निघतं. पहिल्यांदा बदललंस की जुनं ५४ टक्के उरतं, दुसऱ्यांदा २९, तिसऱ्यांदा १६. खारट आमटी वाटी-वाटीने काढून पाणी घालण्यासारखंच, एकदा करून खारटपणा जात नाही.

लाल दिसतं ते सगळं ऑइल सारखं नसतं. टोयोटाचं टी-४ लाल आणि डब्ल्यूएसही लाल, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच. दुकानदार "सगळ्याला चालतं" म्हणाला तर दुकान बदल.

जर्सीकर

काकांना माझं अनुमोदन. न्यू जर्सीत २००४ ची गाडी आहे, १ लाख ८० हजार मैल, ऑइल घरासमोर मीच बदलतो. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही चुकून शिकलेल्या.

डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत भरायचा बोल्ट आधी उघडून बघा, मग खालचा. मी उलट केलं. ऑइल सगळं जमिनीवर आणि भरायचा बोल्ट गंजून बसलेला. रविवार संध्याकाळ, बायकोला सोमवारी सकाळी सातला ड्यूटी. पुढचं लिहीत नाही.

दुसरं, पॅनचे बोल्ट अगदी हलक्या हाताने. जास्त आवळले की पत्रा वाकतो आणि आयुष्यभर ठिबकतं. माझा एक तर आतच तुटला. निघालेलं ऑइल मी दुधाच्या रिकाम्या गॅलनमध्ये मोजतो आणि तेवढंच भरतो, शेवटी पातळी बघतो. जास्त झालं तर फेस होतो, आणि फेसाने दाब मिळत नाही, म्हणजे पुन्हा तेच धक्के.

काही गाड्यांचा कॉम्प्युटर झिजलेल्या चकत्यांप्रमाणे दाब जुळवून घ्यायला शिकलेला असतो. ऑइल बदलल्यावर स्कॅनरने ते शिकलेलं पुसतात. मग काही दिवस गिअर विचित्र पडतात, घाबरू नका, सगळ्या वेगांना शांतपणे चालवा.

वाईची_लेक

महिन्याने लिहितेय. साताऱ्याच्या एका छोट्या गॅरेजमध्ये केलं, समोर उभी राहून. ऑइल कोऱ्या चहासारखं होतं, पातळी खालच्या खुणेच्याही खाली, पण करपल्याचा वास नव्हता. मॅग्नेटवर काजळ. मिस्त्रींनी बोटांत चोळून दाखवलं, काही टोचलं नाही. मागचा माउंट मात्र इतका फाटलेला की रबर हातात आलं. माउंट, जाळी, गॅस्केट, तीन वेळचं ऑइल, मजुरी धरून १७,४०० झाले.

माउंट बदलला त्या दिवशीच सिग्नलची थरथर गेली. ब्रेकला स्पर्श केला की हायवेची थरथर लगेच थांबायची, म्हणजे लॉकअपच. दुसऱ्या ऑइलनंतर ती जवळपास बंद झाली. खंबाटकी चढून आले, ओ/डी बंद ठेवून, एकदाही धक्का नाही. सकाळचा दुसऱ्या-तिसऱ्याचा झटका आहे अजून, पहिले दोनतीन किमी. मिस्त्री म्हणतात सीलं कडक झालीत, ती गिअरबॉक्स उघडल्याशिवाय बदलत नाहीत, आणि एवढ्यासाठी उघडू नका.

एक नवीन त्रास सुरू झालाय. बाबा आता रोज बाजारातून आले की गाडी अंगणात चालू ठेवून डिपस्टिक काढतात, जुन्या बनियनने पुसतात आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात.

लिव्हरवाले_काका, कराड

सकाळच्या झटक्याचं मिस्त्री बरोबर सांगतोय, दोनतीन किमी पाय हलका ठेवायला सांग.

बनियन नको म्हणावं. धागे सुटतात.