मदत हवी आहे : दुसऱ्याची शक्ती उचलणाऱ्या पात्राला मर्यादा कोणती घालावी?

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये घडणारी एक दीर्घ कुमारकथा मी लिहीत आहे आणि मुख्य पात्राच्या शक्तीचे नियम ठरवताना अडले आहे. नायिका चौदा वर्षांची असून तिच्या आईचे गोदाघाटावर पूजासाहित्याचे दुकान आहे. तिच्याजवळ स्वतःची अशी कोणतीही शक्ती नाही. मात्र एखाद्या शक्तिधारी माणसाचा स्पर्श झाला की त्याची शक्ती तिच्यातही उतरते. कथेचा उत्कर्षबिंदू २०२७च्या सिंहस्थात, रामकुंडाजवळच्या पर्वणीच्या गर्दीत आहे, आणि घोडे तिथेच अडते. धक्का लागल्यावाचून पाऊलही टाकता येत नाही अशा ठिकाणी स्पर्शाचा नियम ठेवला, तर कोणाकोणाची शक्ती तिच्यात येते यावर लेखिका म्हणून माझाच ताबा राहत नाही. मुलगी सर्वशक्तिमान होते आणि पुढे लिहिण्यासारखे काही उरत नाही.

या जातीची जी पात्रे मला ठाऊक आहेत, त्यांपैकी जुनी पात्रे बहुतेक साठा करणारी आहेत. डीसी या अमेरिकी प्रकाशनाच्या चित्रकथांत १९६०मध्ये आलेला अमेझो हा यंत्रमानव जस्टिस लीग या महानायकांच्या संघातील सदस्यांच्या शक्ती घेतो, तर १९६६मधला मार्व्हल या दुसऱ्या अमेरिकी प्रकाशनाचा मिमिक हा एक्स-मेन या शक्तिधारी तरुणांच्या संघातील पहिल्या पाचही जणांच्या शक्ती एकट्याच्या अंगी बाळगतो. मला ती थोडी कंटाळवाणी वाटतात, कारण त्यांना या घेण्याची किंमत फारशी मोजावी लागत नाही. १९८१मध्ये आलेल्या मार्व्हलच्याच ‘रोग’ (Rogue) या स्त्रीपात्राची गोष्ट निराळी आहे. तिच्या त्वचेच्या स्पर्शाने समोरच्याची शक्ती तर येतेच, पण त्याच्या आठवणीही येतात आणि तो माणूस बेशुद्ध पडतो. मिस मार्व्हल या दुसऱ्या महानायिकेच्या बाबतीत तर हे शोषण इतके खोल गेले की त्या शक्ती पुढे कित्येक वर्षे ‘रोग’मध्येच राहिल्या. गर्दीच्या प्रसंगाला हे पात्र सर्वांत जवळचे आहे, परंतु घाटावर माणसे बेशुद्ध पडू लागली तर चेंगराचेंगरीचेच वर्णन करावे लागेल, आणि कुमारवाचकांसाठी मला ते नको आहे.

‘माय हीरो अ‍ॅकॅडेमिया’ या जपानी चित्रकथेतील मोनोमा मात्र उपयोगी वाटला. तोही स्पर्शानेच नक्कल करतो, पण सुरुवातीला ती पाच मिनिटेच टिकते आणि एका वेळी एकच शक्ती वापरता येते. शिवाय जी शक्ती मुळात साठवणीवर चालते, तिची नक्कल केल्यास त्याच्या हाती रिकामे भांडे येते, साठा येत नाही. हा नियम मला फार आवडला, कारण त्यातून वाचकाला न फसवता पेच उभा करता येतो.

आपल्याकडच्या कथांचाही विचार केला. पंचवटीचा परिसर असल्यामुळे मारीच प्रथम आठवला. पण त्याने मृगाचे रूप घेतले, शक्ती नव्हे. प्रचलित कथेतल्या वालीला समोरच्याचे अर्धे बळ मिळते, म्हणून रामाला आडून बाण मारावा लागतो. म्हणजे त्या वरानेच कथेचा पुढचा प्रसंग ठरवला. सर्वांत नेमका मला कच वाटतो. तो शुक्राचार्यांकडून संजीवनी विद्या मिळवतो, पण देवयानीच्या शापामुळे ती त्याला स्वतःला फळत नाही. तो जिला किंवा ज्याला शिकवील, त्याला मात्र फळते. (शुक्राचार्यांचे मंदिरही खाली गोदावरीच्याच काठी, कोपरगाव बेटावर आहे, त्यामुळे कथेत हा धागा उपरा वाटणार नाही.)

त्यावरून सुचलेला नियम असा : नायिकेला स्पर्शाने शक्ती मिळेल, पण ती स्वतः वापरू शकणार नाही, हात धरून फक्त दुसऱ्याला देऊ शकेल, तीही एका वेळी एकच, आणि नवी आली की जुनी जाईल. मग गर्दीतला प्रत्येक धक्का तिच्याजवळची शक्ती पुसणारा धोका ठरतो, आणि घाटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कोणालाही न शिवता पोहोचणे हेच तिचे साहस होते.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. नायिकेने शेवटपर्यंत एकही शक्ती स्वतः वापरली नाही, तर बारा-चौदा वर्षांच्या वाचकाचा विरस होईल का? आणि सामान्य माणसाच्या धक्क्यानेही जवळची शक्ती पुसली जावी, की फक्त शक्तिधाऱ्याच्या? दुसरा पर्याय तर्काला धरून आहे, पण त्यात गर्दीचा ताण निघून जातो. मराठी कुमारसाहित्यात अशा प्रकारचे पात्र कोणी रंगवले असल्यास त्याचेही नाव कळवावे. माझ्या वाचनात अद्याप आलेले नाही.